वाचाघात झालेल्या माणसाशी संवाद : या चुका टाळा

पक्षाघातानंतर बोलणं गेलं की घरातलं कुणीतरी लगेच वही-पेन पुढे करतं. "बोलता येत नाही ना अण्णा, मग लिहून दाखवा." पहिली चूक हीच. वाचाघातात घसा ठीक असतो, दुखावलेला असतो मेंदूतला भाषेचा भाग, बहुतेकांमध्ये डाव्या बाजूचा. त्यामुळे बोलण्याबरोबर लिहिणंही अडतं, बऱ्याचदा वाचणंही. त्यात उजवा हात लुळा. अण्णांचे डोळे भरून येतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, यांना आता काही कळत नाही. कळत असतं. नात कॉलेजातून उशिरा आली, सुनेचा चेहरा उतरलाय, हे त्यांना इतरांच्या आधी समजतं. मग ऐकू येत नसल्यासारखं त्यांच्याशी ओरडून बोलायचं कशाला?

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी ज्या रुग्णाचा अभ्यास केला, त्याला 'टॅन' एवढंच म्हणता यायचं. तरी सूर बदलून आणि हातवारे करून तो आपलं म्हणणं पोचवू पाहायचा. आपल्याला धरायचंय ते हेच : सूर, हात, नजर.

नुसत्या 'हो'वर विसंबू नका

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. "चहा आणू?" "हो." चहा आला की अण्णा कप ढकलतात. सून वैतागते, अण्णा त्याहून जास्त. वाचाघातात मनात 'नको' असताना तोंडून 'हो' निघू शकतं. मानेचंही तसंच, आपली मान अशी डोलते की होकार की नकार, घरच्यांनाही कळू नये.

म्हणून प्रश्नासोबत वस्तू दाखवा. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात ताकाचा पेला, दोन्ही थोडे लांब धरायचे, मग गप्प राहायचं. मनात दहा आकडे मोजा. नजर आधी जाते, डावा हात मागाहून. हात पोचला की "ताक ना?" म्हणत पेला पुढे करा आणि चेहरा पाहा. खूण घरात सगळ्यांनी एकच ठरवा : अंगठा वर म्हणजे हो, तळहात आडवा फिरवला की नको. मुलाची खूण वेगळी, सुनेची वेगळी, असं झालं तर सगळं मुसळ केरात. काहींना खुणा करणंही जड जातं. तिथे बोट दाखवण्यावरच भर द्या.

परीक्षा घेऊ नका

इंदुरात भेटायला येणाऱ्यांची कमी नाही. "ओळखलं का काका? नाव सांगा बरं माझं!" कृपा करून हे थांबवा. पाहुण्यांनी स्वतःच नाव सांगावं, मोबाइलवर राजवाड्याचा किंवा सराफ्यातला जुना फोटो काढून शेजारी बसावं. एका वेळी एकानेच बोलावं, टीव्ही बंद. लहान मुलांच्या पुस्तकातली सफरचंदं अण्णांना दाखवू नका. त्यांचाच चष्मा, त्यांची औषधाची डबी, घरच्यांचे चेहरे यांचे फोटो लावून एक वही करा.

कळलं नसेल तर कळल्याचं नाटकही नको. "नाही समजलं अण्णा, पुन्हा दाखवा," असं म्हणा.

"आरती म्हणता येते, मग पाणी का मागत नाहीत?"

हा हट्ट नव्हे. 'सुखकर्ता दुःखहर्ता' अख्खी म्हणणाऱ्या माणसाला 'पाणी' हा शब्द सापडत नाही, असं खरंच होतं. पाठ असलेलं, चालीतलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. चालीचा आधार घेऊन बोलतं करायची उपचारपद्धतही आहे. रोज सोबत आरती म्हणा, टोमणा मात्र मारू नका.

वाचा-उपचारतज्ज्ञ हिंदीतून बोलत असतील तर घरात मराठी चालते हे पहिल्याच भेटीत सांगा. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या दोन्ही भाषा सारख्याच परततील असं नसतं.

आणि बोलणं आज अचानक अडलं, तोंड वाकडं झालं किंवा हात पडला असेल, तर खुणा वगैरे राहू द्या. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना सांगा.