गाडी एका बाजूला ओढते तेव्हा

भाच्याची रिमोटची गाडी गुहागरच्या पुळणीवर सारखी डावीकडे ओढायची. बॅटरी भरलेली, स्टिअरिंग ट्रिम (रिमोटवरची, चाकं सरळ ठेवायची बारीक जुळणी) मध्यावर, तरीही तेच. मग गाडी विटेवर ठेवली, चाकं अधांतरी, आणि सर्वोपासून, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरपासून, चाकांकडे जाणारा दांडा सोडवला. सर्वो मोकळा छान फिरला, म्हणजे दोष सांध्यांत. आमच्याकडे बहुधा वाळू आणि खारी हवाच. कोरड्या ब्रशने झाडा. तेल मुळीच ओतू नका, वाळू आणखी चिकटते. गंजलेलं बेअरिंग बदलाच.

सर्वो नुसता गुरगुरला, तर आतल्या गिअरचे दात पाहा.

जोडताना आधी रिमोट, मग गाडी चालू करा. ट्रिम शून्यावर असताना सर्वोला सुमारे 1500 मायक्रोसेकंदांचा मध्याचा संदेश मिळतो. तेव्हाच हॉर्न, म्हणजे सर्वोवरचा दांडा जोडायचा छोटा हात, सरळ बसवून स्क्रू आवळा.