ड्रायव्हरची पगारवाढ: पाच-पंधरा गाड्यांच्या मालकासाठी हिशेबाची रीत

पगार वाढवूनही ड्रायव्हर गाडी सोडून जातो, याचं कारण बहुतेक वेळा रकमेत नसून हिशेबात असतं. बांधलेला पगार एकीकडे, फेरीमागचा भत्ता दुसरीकडे, आणि त्या भत्त्यातूनच जेवण, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली), पंक्चर, पार्किंग. वाढवलेले दोन हजार रस्त्यातच संपतात आणि घरी जाणारा आकडा तोच राहतो. ड्रायव्हर मोजतो तो घरी गेलेला आकडा. म्हणून आधी पगार आणि रस्त्याचा खर्च वेगळा करायचा, आणि मग वाढ द्यायची. हा क्रम उलटा केला तर पैसे जातात आणि नाराजीही तशीच राहते.

आधी मागचे तीन महिने उघडा

प्रत्येक गाडीच्या फेऱ्यांचे कागद काढा. फेरीगणिक पाच गोष्टी लिहा: गाडी किती दिवस बाहेर होती, त्यातले किती दिवस गेटवर किंवा परतीच्या भाड्यासाठी उभी होती, किती रोख दिली, ती कशाकशावर गेली, आणि शेवटी ड्रायव्हरच्या हातात काय उरलं. शेवटचा रकाना बहुतेक कार्यालयांत लिहिलेलाच नसतो. तो ड्रायव्हरला विचारून भरा. तुमच्या वहीतला आकडा आणि त्याचा आकडा जुळत नसेल, तर भांडण नेमकं तिथेच आहे.

चाकणहून होसूरला वाहनांचे सुटे भाग नेणारी कंटेनर गाडी घेऊ. एका बाजूचं अंतर सुमारे ९०० किलोमीटर, फेरी १,८०० ची. समजा पगार १२,००० आणि फेरीमागे ३,००० भत्ता आहे. मालक महिन्याला चार फेऱ्या धरतो आणि म्हणतो, ड्रायव्हरला २४,००० मिळतात. आता दिवस मोजा. चार फेऱ्या बसवायच्या तर एक फेरी सात दिवसांत हवी. भरणं, खाली करणं, परतीचा माल पाहणं यांत तीन दिवस जातात, म्हणजे चार दिवसांत १,८०० किलोमीटर, दिवसाला ४५०. घाट, टोलनाके, जेवण धरून ताशी ४० चा वेग पडला तरी रोज अकरा तासांहून जास्त वेळ स्टिअरिंगवर, आणि महिन्यात घरी दोन दिवस. हा आकडा एकट्या ड्रायव्हरच्या झोपेतून काढलेला आहे.

मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी सर्वसाधारण मर्यादा घातली होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर हेही त्यात होतं. आठ तास गाडी चालवली तर एका बाजूला तीन दिवस लागतात. भरणं, खाली करणं, परतीचा माल पाहणं यांचे तीन दिवस धरून फेरी नऊ दिवसांची होते, महिन्यात तीन फेऱ्या आणि घरी तीन दिवस. जुन्या पद्धतीत तीन फेऱ्यांचे २१,००० होतात. तेव्हा खरी पगारवाढ म्हणजे तीन फेऱ्यांत चार फेऱ्यांहून थोडे जास्त पैसे घरी जाणं. पगार २१,००० आणि फेरीमागे १,५०० केले, तर तीन फेऱ्यांचे २५,५०० होतात. आकडे तुमच्या मार्गाप्रमाणे बदला, पण बांधलेला भाग मोठा आणि फेरीचा भाग लहान ठेवा. फेरीचा भाग मोठा असला की झोप टाळून गाडी हाकली जाते.

किलोमीटरवर पैसे देण्याची पद्धतही चालते, मात्र महिन्याची किमान रक्कम लिहून दिली असेल तरच. गाडी गॅरेजमध्ये आठ दिवस उभी राहिली तर त्यात ड्रायव्हरचा दोष नसतो.

गाड्यांची फेरी मात्र कमी होऊ द्यायची नाही. पाच-सहा गाड्यांमागे एक बदली ड्रायव्हर ठेवा. नेहमीचा माणूस घरी असताना गाडी तो नेतो. बदली माणूस कोणती गाडी घेणार हे नेहमीच्या ड्रायव्हरला आधी सांगा आणि गाडी देताना-घेताना टायर, स्टेपनी, जॅक, ताडपत्री, रस्सी यांची यादी दोघांच्या सहीने करा. हातची गाडी न सांगता दुसऱ्याला देणं ड्रायव्हरला पगार कापल्याइतकं लागतं.

पैशाचे तीन कप्पे

पहिला कप्पा पगाराचा. तो बँकेत, ठरलेल्या दिवशी, ७ तारखेच्या आत. गाडी बाहेर आहे म्हणून थांबवायचा नाही.

दुसरा खुराकीचा, म्हणजे रोजच्या जेवणखर्चाचा. गाडी निघाल्यापासून परत येईपर्यंत प्रत्येक दिवसाची, उभ्या दिवसांसकट. रोज ४०० ठरली असेल तर नऊ दिवसांचे ३,६०० निघतानाच द्या. किती खाल्लं याचा हिशेब मागू नका. वाचले तर ते त्याचे.

तिसरा रस्ताखर्चाचा, आणि हा पूर्णपणे कंपनीचा पैसा. डिझेल कार्डावर, टोल फास्टॅगवर. उरतं ते वाराई, पंक्चर, पार्किंग, बीएस-६ गाडीत धूर स्वच्छ करायला लागणारा यूरिया. यात ड्रायव्हरला नफाही नको, तोटाही नको. वाराईची पावती अनेक ठिकाणी मिळतच नाही, तिथे पावतीचा हट्ट धरला की माणूस खोटी पावती आणायला शिकतो. त्याऐवजी प्रत्येक गोदामाचा वाराईचा नेहमीचा दर लिहून ठेवा, तेवढी रक्कम पावतीशिवाय मान्य करा, आणि त्याहून जास्त मागितली तर पैसे देण्याआधी फोन करायला सांगा. तो फोन उचलणारा माणूस कार्यालयात असला पाहिजे, रात्री अकरालाही. हे जमणार नसेल तर जास्तीची रक्कम निमूट मान्य करा.

उभ्या गाडीचा भत्ता

पगारवाढीला खाणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्लँटच्या गेटवरची रांग. गेटवर पोहोचल्यापासून २४ तासांनंतर प्रत्येक दिवसाला खुराकीशिवाय ठरावीक रक्कम द्या, समजा ५००. ती खिशातून द्यायची नसेल तर माल पाठवणाऱ्याशी दर ठरवतानाच हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी उभी ठेवल्याच्या भरपाईचं, कलम घाला. कलम असूनही वसुली होत नाही, त्याचं कारण पोहोचल्याच्या वेळेचा पुरावा नसतो. ड्रायव्हरला दोनच कामं सांगा: गेटवर पोहोचताच फलक दिसेल असा फोटो पाठवायचा, आणि बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) आत घेतल्याची व बाहेर सोडल्याची वेळ सहीसकट लिहून घ्यायची. वसूल झालेल्या रकमेतला वाटा त्याला मिळतो हे कळलं की फोटो न चुकता येतो. ग्राहकाने पैसे उशिरा दिले तरी ड्रायव्हरचा भत्ता त्याच महिन्यात द्या.

ॲव्हरेजचं बक्षीस, दंड नाही

डिझेल वाचवण्याचं बक्षीस चांगलं, पण ते मोजण्यात गडबड होते. टाकी एकाच पंपावर गळ्यापर्यंत भरा, किलोमीटर लिहा, फेरी झाल्यावर पुन्हा त्याच पंपावर गळ्यापर्यंत भरा. मध्ये भरलेलं आणि शेवटी भरलेलं डिझेल मिळून जे होईल ते फेरीचं डिझेल. अपेक्षित ॲव्हरेज (लिटरमागे किती किलोमीटर) कंपनीच्या जाहिरातीतून घेऊ नका. त्याच गाडीच्या मागच्या तीन महिन्यांतून काढा आणि भरलेल्या व रिकाम्या बाजूची टक्केवारी पाहा. रांगेत एसी चालू ठेवून झोपलेल्या तासांचं डिझेल वेगळं सोडा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. तो बंद ठेवायला लावून ॲव्हरेज वाढवणं म्हणजे थकलेला माणूस रस्त्यावर पाठवणं.

१,८०० किलोमीटरला ४.५ च्या हिशेबाने ४०० लिटर लागतात. ४.७ पडलं तर ३८३. सतरा लिटर वाचले, ९० रुपये दराने १,५३० झाले. निम्मे ७६५ ड्रायव्हरचे, त्याच महिन्याच्या पगारात.

ॲव्हरेज कमी पडलं म्हणून पगार कापू नका. आधी टायरमधली हवा, एअर फिल्टर, अडकणारे ब्रेक, इंजेक्टर, क्लच तपासा. कापण्याची भीती बसली की उतारावर गाडी न्यूट्रल होते. होसूरहून परतणारी हीच गाडी कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरते, आणि त्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेल्या गाड्यांनी अपघात केले आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासा होतो. काही शे रुपयांच्या कपातीसाठी हा धोका तुम्ही स्वतः तयार करता.

वाढ कोणाला, कधी, किती

वर्षातला एक महिना ठरवा आणि तो पाळा. सगळ्यांना समान वाढ, त्यावर पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे ठरावीक रक्कम, समजा महिना ५००. मर्जीवर वाढ दिली की जो कार्यालयात येऊन बसतो त्याला मिळते आणि जो सतत गाडीवर असतो तो मागे राहतो.

नवा ड्रायव्हर जास्त पगारावर घ्यावा लागला तर जुन्यांचा पगार त्याच महिन्यात त्याच्या वर न्या. हे आकडे झाकून राहत नाहीत. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर किंवा ढाब्यावर एका चहात सगळ्यांना कळतात. सहा वर्षांच्या माणसाला नव्यापेक्षा दोन हजार कमी मिळतात हे समजलं की तो पगारासाठी तुमच्याशी बोलत नाही, सरळ दुसरी गाडी पाहतो.

परवडेल का, हे उभ्या गाडीच्या खर्चावरून ठरवा. वरच्या उदाहरणात वाढ महिना ४,५००, वर्षाला ५४,०००. गाडीच्या कर्जाचा हप्ता महिना ६०,००० असेल तर दिवसाचे २,०००. ड्रायव्हर नाही म्हणून गाडी वर्षात सत्तावीस दिवस उभी राहिली तर नुसत्या हप्त्यातच ते पैसे गेले. विमा, कर आणि बुडालेलं भाडं वेगळंच. पीएफचा मालकाचा १२ टक्के वाटाही धरा. वीस किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागू होतो. ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विम्याची) मर्यादा दहा माणसांची आणि महिना २१,००० पगाराची आहे, मालकाचा वाटा ३.२५ टक्के. वाढीमुळे ड्रायव्हर या मर्यादेच्या वर जात असेल तर त्याच्या कुटुंबाच्या उपचारांचं काय होणार ते आधी बोला आणि आरोग्य विमा काढून द्या. नाहीतर वाढ त्याला महागात पडेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो, आणि सोडून जाणाऱ्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. नेमणूकपत्र द्या. पगार, खुराकी, उभ्याचा भत्ता, ॲव्हरेजचं बक्षीस असं सगळं एका पानावर, त्याला वाचता येणाऱ्या भाषेत. तो बीडचा असेल तर मराठीत, गोरखपूरचा असेल तर हिंदीत.

कपात आणि उचल

ई-चलन कोणाचं हे आधीच लिहून ठेवा. वेग, सिग्नल, मोबाइल हे ड्रायव्हरचं. कागद, फिटनेस, दिवे, जादा भार हे मालकाचं. मोटार वाहन कायद्यात जादा भाराचा दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहे. माल भरायला सांगणारा मालक असताना त्यातला रुपयाही ड्रायव्हरवर टाकू नये. माल कमी भरला किंवा फुटला तर ग्राहकाने बिलातून पैसे कापले म्हणून लगेच पगारातून कापू नका. सील शाबूत होतं का, भरताना मोजणी कोणी केली, हे त्याला समोर बसवून विचारा.

उचल अर्ध्या पगारापर्यंत, वसुली तीन-चार हप्त्यांत. उचल राहिली म्हणून मूळ लायसन्स अडकवून ठेवणं बंद करा.

मान कशाने वाटतो

गाडी चालू असताना फोन करायचा नाही. वेळ ठरवा, सकाळी आणि संध्याकाळी, किंवा गाडी कुठे आहे ते जीपीएसवर पाहा. सीट, वायपर, काच, पंखा, एसी यांची तक्रार वहीत लिहा आणि पुढची फेरी लागण्याआधी दुरुस्त करा. सुट्टीच्या तारखा दोन महिने आधी घ्या: कोणाला गावची जत्रा, कोणाला गणपती, कोणाला छठ. दिलेली तारीख भाड्यासाठी मोडू नका.

अपघाताची तयारी सगळ्यात महत्त्वाची. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी देशभर चाकं थांबवली ती अपघातात माणूस गेल्यावर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) ने ठेवलेल्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या भीतीने, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम लागू केलं गेलं नाही. भीती मात्र अजून आहे. अपघात झाला तर फोन कोणाला करायचा, तिथे कोण पोहोचणार, वकील आणि जामिनाचा खर्च कोणाचा, कोठडीत किंवा रुग्णालयात असताना पगार चालू राहणार का, हे नेमणूकपत्रातच लिहा. गाडीच्या पॉलिसीत पगारी ड्रायव्हर आणि क्लीनर यांची जबाबदारी घेतली आहे का ते आज पाहा. मालक-चालकाचा अपघात विमा पगारी ड्रायव्हरला लागू होत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. तो प्रत्येकाच्या नावे भरा आणि वारसाचं नाव नीट लिहिलं आहे का ते तपासा.

बदल करताना

भत्ता कमी करतोय म्हटलं की पहिला संशय येतो तो फसवणुकीचा. म्हणून तीन-चार जुन्या ड्रायव्हरांना बसवून त्यांच्याच फेऱ्यांचा कागद दाखवा. एका मार्गावर दोन महिने दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी चालवा आणि जो आकडा जास्त येईल तो द्या. तिसऱ्या महिन्यापासून सगळ्या गाड्यांना लावा. सोबत क्लीनरचा पगारही तुमच्या खात्यातून सुरू करा, नाहीतर ड्रायव्हरची वाढ त्याच्याकडेच जाईल. दर महिन्याला पगाराची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि त्याखाली हिशेबाबद्दल विचारायला एका माणसाचं नाव आणि नंबर द्या.