पीएचपीचं ॲप सर्व्हरवर चढवायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

मी हे पीएचपी आणि एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर धरून लिहितोय कारण रोज हाताखाली तेच असतं, पण ॲप पायथनचं असो नाहीतर पर्लचं, मुद्दे जवळपास हेच राहतात, नावं तेवढी बदलतात. क्रम मात्र सोडू नका. रिक्वेस्ट ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तपासत जायचं, म्हणजे ब्राउझर, मग वेब सर्व्हर, मग स्क्रिप्ट चालवणारी प्रोसेस, मग फाइल, मग डेटाबेस. प्रत्येक टप्प्यावर एकाने दुसऱ्याकडे काहीतरी सोपवायचं असतं आणि माझ्या अनुभवात दहातले नऊ एरर त्या सोपवण्यातच होतात, कोडमध्ये नाही.

तर सगळ्यात आधी हे नक्की करा की तुमची स्क्रिप्ट चालवणार कोण. १९९३ च्या सुमाराला सीजीआय, म्हणजे वेब सर्व्हरने स्क्रिप्ट चालवून घ्यायची जुनी पद्धत, आलं तेव्हा दर रिक्वेस्टला एक नवी प्रोसेस उभी राहायची आणि काम झालं की मरायची. अपाचे ह्या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये पुढे पीएचपी मॉड्यूल म्हणून आतच बसलं. एन्जिनएक्सला पीएचपी अजिबात कळत नाही, तो रिक्वेस्ट एफपीएमकडे, म्हणजे पीएचपी चालवणाऱ्या वेगळ्या सर्व्हिसकडे ढकलतो, आणि हे एफपीएम २०१० मध्ये ५.३.३ व्हर्जनपासून पीएचपीसोबतच मिळतं. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळ्या सर्व्हिस झाल्या, दोन कॉन्फिग, दोन लॉग आणि कदाचित दोन वेगळे युजर. एका कागदावर तीन ओळी लिहा: वेब सर्व्हर कुठल्या युजरने चालतोय, एफपीएमचा पूल, म्हणजे त्याच्या प्रोसेसचा गट, कुठल्या युजरने चालतोय, आणि कोडच्या फाइल्स कुणाच्या मालकीच्या आहेत. हा कागद पुढे चार वेळा लागणार आहे.

मग व्हर्जन. कमांड लाइनवर पीएचपीचं व्हर्जन बघितलं आणि झालं असं करू नका, कारण ते कमांड लाइनचं व्हर्जन असतं, एफपीएम वेगळ्याच व्हर्जनचा चालू असू शकतो, आणि डेबियन उबुंटूवर तर दोघांच्या पीएचपी डॉट आयएनआय फाइल्स पण वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असतात. कित्येकदा माणूस सीएलआयच्या, म्हणजे कमांड लाइनच्या फाइलमध्ये मेमरी लिमिट वाढवतो आणि साइटवर फरक का पडत नाही म्हणून दुपार घालवतो. एक्स्टेंशनची यादी पण एफपीएमकडूनच काढा, एमबीस्ट्रिंग, इंटल, जीडी, कर्ल, पीडीओचा ड्रायव्हर हे आहेत का. आणि जुनं ॲप असेल तर ७.४ वर ठेवायचा मोह टाळा, त्याचे सिक्युरिटी अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झालेत.

आता डॉक्युमेंट रूट, म्हणजे ज्या फोल्डरमधल्या फाइल्स वेब सर्व्हर बाहेर दाखवतो तो. आजकालच्या बहुतेक फ्रेमवर्कमध्ये पब्लिक नावाचा फोल्डर असतो, रूट तिथेच लावायचा, प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरवर नाही. मुख्य फोल्डरवर लावला तर डॉट-ईएनव्ही फाइल, ज्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो, ती ब्राउझरमध्ये सरळ उघडते, आणि कोडचा इतिहास ठेवणारा डॉट-गिट फोल्डर उघडा राहिला तर अख्खा कोड बाहेर जातो. रूट लावून झाला की हे दोन्ही पत्ते स्वतः ब्राउझरमध्ये टाकून बघा, ४०३ किंवा ४०४ आलंच पाहिजे. अपाचेवरून एन्जिनएक्सवर येत असाल तर अजून एक, आणि हे मी पोटतिडकीने सांगतोय: अपाचेला एकेका फोल्डरचे नियम सांगणारी एचटीॲक्सेस फाइल एन्जिनएक्स वाचतच नाही. एका कामात मी असंच सर्व्हर बदललं, साइट पहिल्या फटक्यात छान चालली, सगळे खूश, आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की लोकांनी अपलोड केलेल्या कागदपत्रांचा फोल्डर जो एचटीॲक्सेसमधल्या एका ओळीने बंद होता तो आता कुणालाही उघडतोय. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, फाइल तिथेच पडलेली असते आणि तिला कोणी विचारत नाही. त्यामुळे जुन्या प्रोजेक्टमधल्या सगळ्या एचटीॲक्सेस फाइल्स शोधून काढा, आतल्या फोल्डरमधल्या सुद्धा, आणि प्रत्येक ओळ नव्या कॉन्फिगमध्ये कुठे गेली ते तपासा.

पीएचपीचा लोकेशन ब्लॉक, म्हणजे एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमधला पीएचपी फाइल्स एफपीएमकडे पाठवणारा भाग, लिहिलात की आधी एक छोटी टेस्ट फाइल टाका, ॲप नको. ब्राउझरने ती फाइल डाउनलोड केली किंवा कोड जसाच्या तसा दाखवला तर हँडलर लागलेला नाही, तिथेच थांबा, कारण ॲप टाकलं असतं तर त्याचा कोड असाच बाहेर गेला असता. कोरी पांढरी स्क्रीन किंवा नुसतं 'फाइल नॉट फाउंड' आलं आणि लॉगमध्ये 'प्रायमरी स्क्रिप्ट अननोन' दिसलं तर स्क्रिप्ट-फाइलनेम हा पॅरामीटर बघा, एफपीएमला फाइलचा जो पूर्ण पत्ता मिळतोय तो चुकतोय किंवा मिळतच नाहीये. ह्याच ब्लॉकमध्ये ट्राय-फाइल्सची ओळ घालून नसलेल्या फाइलला ४०४ द्यायला सांगा. कारण असं की फोटोच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन खोटं पीएचपी नाव जोडलं तर चुकीच्या सेटिंगमध्ये तो फोटोच पीएचपी म्हणून चालवला जाऊ शकतो, आणि त्या फोटोत कुणी कोड लपवून पाठवला असेल तर सर्व्हर गेला. अपलोडच्या फोल्डरमध्ये तर पीएचपी चालवणं पूर्णच बंद ठेवा.

परमिशनवर जरा वेळ देऊया. काही चालेना की ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, करून टाकायची सवय खूप जणांना आहे आणि मला ते बघवत नाही, कारण त्याने अडचण सुटत नाही, झाकली जाते, आणि सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोसेसला तुमच्या कोडमध्ये लिहायची मुभा मिळते. फाइल ६४४, फोल्डर ७५५, म्हणजे लिहायचं फक्त मालकाने, बस. लिहायची परवानगी फक्त कॅश, लॉग, सेशन आणि अपलोडच्या फोल्डरला, आणि ती सुद्धा एफपीएमच्या युजरला. तो कागद काढा. आता जे बऱ्याच जणांना माहीत नसतं ते म्हणजे फाइल वाचता येण्यासाठी तिच्या वरच्या प्रत्येक फोल्डरवर एक्झिक्युट बिट लागतो. कोड युजरच्या होम फोल्डरमध्ये ठेवला आणि होम ७५० असलं, जे नव्या उबुंटूवर असतंच, तर आतल्या फाइलला कितीही परमिशन द्या, वेब सर्व्हर दारातच अडतो आणि ४०३ येतो. नेमआय कमांडला डॅश एल लावून पूर्ण पाथ द्या, वरपासून खालपर्यंत एकेक फोल्डरचा मालक आणि परमिशन एका खाली एक दिसते, कुठे अडतंय ते लगेच कळतं. रेडहॅट जातीचं डिस्ट्रो असेल तर परमिशन सगळ्या बरोबर असून पण एसईलिनक्स ही सुरक्षेची वेगळी यंत्रणा अडवू शकते, तेव्हा ती बंद न करता फोल्डरला योग्य लेबल द्या. आणि रूट युजरने कधीही ॲपची कमांड चालवू नका. रूटने एकदा मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी कमांड, चालवलं, त्यात लॉगची नवी फाइल रूटच्या नावाने तयार झाली, आणि मग साइट ५०० द्यायला लागली कारण एफपीएमला त्या लॉगमध्ये लिहिता येईना, हा प्रकार मी मोजता येणार नाही इतक्या वेळा सोडवलाय. क्रॉनच्या, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांना पण हेच लागू, ती एफपीएमच्या युजरच्या क्रॉनटॅबमध्ये टाका.

वेब सर्व्हर आणि एफपीएममधला सॉकेट, म्हणजे ज्या फाइलमधून दोघं एकमेकांशी बोलतात ती. ५०२ आला म्हणजे इथेच बघायचं, आणि एन्जिनएक्सच्या एरर लॉगमधला आकडा वाचायचा: २ असेल तर सॉकेटची फाइलच नाही, बहुतेक व्हर्जन बदललं आणि पाथमध्ये जुना नंबर राहिला, १३ असेल तर सॉकेट आहे पण हात लावायची परवानगी नाही, पूलच्या कॉन्फिगमधला लिसन-ओनर आणि लिसन-ग्रुप बघा, आणि १११ असेल तर पलीकडे कोणी ऐकतच नाहीये, एफपीएम बंद पडलाय.

अपलोडची साइझ ही एक जागा नाही, तीन जागा आहेत. समजा कोणी ५ एमबीचा फोटो टाकला. एन्जिनएक्सची क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ डिफॉल्ट १ एमबी असते, तिथेच ४१३ येतो. ती वाढवली की पुढे पीएचपीची अपलोड-मॅक्स-फाइलसाइझ २ एमबी असते, मग फाइल येत नाही पण बाकी फॉर्म येतो. तीही वाढवली आणि कोणी ९ एमबीचं काही टाकलं तर पोस्ट-मॅक्स-साइझ ८ एमबी, आणि इथला प्रकार फार फसवा आहे, कारण ही मर्यादा ओलांडली की पीएचपी पोस्टचा अख्खा डेटा रिकामा करून स्क्रिप्टला देतं. नाव, पत्ता, टोकन, सगळं गायब. यूजरला दिसतं 'नाव भरणं आवश्यक आहे' किंवा 'सेशन संपलं', तो परत भरतो, परत तेच, आणि तुम्ही व्हॅलिडेशनचा कोड तपासत बसता. म्हणून तिन्ही आकडे एकदम ठरवा, फाइलची मर्यादा सगळ्यात लहान, पोस्टची तिच्यापेक्षा थोडी मोठी, एन्जिनएक्सची पोस्टइतकी किंवा जरा जास्त, आणि मग खरीच मोठी फाइल टाकून बघा.

एफपीएमच्या किती प्रोसेस ठेवायच्या ह्याचा हिशोब साधा आहे पण कोणी करत नाही. ॲप थोडा वेळ चालवून एक प्रोसेस किती रॅम खाते ते बघा, समजा ५० एमबी. २ जीबीच्या मशीनवर डेटाबेस आणि बाकीच्यांसाठी १ जीबी सोडला तर उरलेल्यात २० बसतात, तोच तुमचा मॅक्स-चिल्ड्रन. नुसता १०० टाकून ठेवला तर गर्दीच्या वेळी रॅम संपते आणि कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याला मारतो, जो बहुधा डेटाबेसच निघतो. उलट डिफॉल्टचा ५ तसाच ठेवला तर सीपीयू निवांत आणि साइट मात्र हळू, आणि लॉगमध्ये मॅक्स-चिल्ड्रन गाठल्याची ओळ. टाइमआउट पण इथेच बघून घ्या: एन्जिनएक्स ६० सेकंद वाट बघून ५०४ देतो, आणि पीएचपीचे ३० सेकंद लिनक्सवर फक्त स्क्रिप्टच्या स्वतःच्या कामाचे मोजले जातात, डेटाबेसची किंवा बाहेरच्या एपीआयची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात धरत नाहीत. म्हणजे अडकलेली प्रोसेस ३० सेकंदांत आपोआप मरेल ह्या भरवशावर राहू नका, पूलमध्ये रिक्वेस्ट-टर्मिनेट-टाइमआउट लावा.

डेटाबेससाठी वेगळा युजर करा ज्याला फक्त ह्याच ॲपच्या डेटाबेसचे अधिकार असतील. मायएसक्यूएलमध्ये होस्ट म्हणून लोकलहोस्ट लिहिलं तर पीएचपी सॉकेटने जोडतं आणि १२७.०.०.१ लिहिलं तर पोर्टने, एक चालतं आणि दुसरं चालत नाही असं झालं तर कारण हे असतं. कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा. जुना यूटीएफ८ एका अक्षराला ३ बाइटच देतो, देवनागरी त्यात बसते म्हणून टेस्टिंगमध्ये सगळं ठीक दिसतं, मग कोणी ४ बाइटची इमोजी टाकतं आणि इन्सर्ट फेल जातो किंवा वाक्य तिथेच तुटतं.

एरर स्क्रीनवर दाखवणं बंद, लॉगमध्ये लिहिणं चालू. जुने लॉग आपोआप काढून टाकणारं लॉगरोटेट लावलंय का बघा, डिस्क भरली की सेशन पण लिहिता येत नाही आणि सगळ्यांचं लॉगिन एकदम जातं. पीएचपी-इन्फोची टेस्ट फाइल काढून टाका, आत्ता, नंतर नाही. ओपीकॅशमध्ये, म्हणजे पीएचपीचा तयार केलेला कोड मेमरीत ठेवणाऱ्या कॅशमध्ये, फाइलचा टाइमस्टॅम्प तपासणं बंद केलं असेल तर नवा कोड टाकल्यावर एफपीएम रीलोड करणं डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्येच घाला, नाहीतर फाइल बदललेली दिसते आणि चालतो जुनाच कोड.

एचटीटीपीएससाठी ८० आणि ४४३ दोन्ही पोर्ट उघडे हवेत. लेट्स एन्क्रिप्ट ह्या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट नेहमीचं घेतलं तर ९० दिवसांचं असतं, त्यामुळे रिन्यूची ड्राय रन आजच करून बघा, आणि रिन्यू झाल्यावर एन्जिनएक्स रीलोड होतोय ना तेही, कारण नवं सर्टिफिकेट डिस्कवर असून जुनंच दाखवत बसतो. डीएनएसमध्ये जुन्या सर्व्हरचा आयपीव्ही६ रेकॉर्ड राहिला असेल तर काही लोकांना जुनी साइट दिसते आणि तुम्हाला नवी, तो रेकॉर्ड शोधून काढा. कॉन्फिगमध्ये काहीही बदललं की आधी एन्जिनएक्सची टेस्ट कमांड, मग रीलोड. रीलोडमध्ये चूक असली तर जुनं कॉन्फिग चालू राहतं, रीस्टार्टमध्ये चूक असली तर साइट बंद.

आणि सगळं झालं, सगळं चालतंय असं वाटलं की लाइव्ह करायच्या आधी मशीन एकदा पूर्ण रीबूट करा. हाताने चालू केलेली सर्व्हिस जी एनेबल करायची राहिली, फायरवॉलचा नियम जो सेव्ह केला नव्हता, ते सगळं आत्ताच बाहेर पडतं. विशेष करून रन फोल्डरमध्ये सॉकेटसाठी तुम्ही हाताने सबफोल्डर केला असेल तर तो रीबूटनंतर उरत नाही, ते सगळं मेमरीत असतं, आणि एफपीएम उठतच नाही. तो फोल्डर सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या) टीएमपीफाइल्सच्या कॉन्फिगमध्ये लिहा आणि परत एकदा रीबूट करा.