जुन्या कॉम्प्युटरसाठी डीव्हीडी रायटर घेताय? या चुका टाळा

सोलापुरात डीव्हीडी रायटर अजून लागतो, आणि तो लागणारी माणसंही ठरलेली आहेत. लग्नाचं शूटिंग डिस्कवर देणारे स्टुडिओवाले, पुराव्याची सीडी जोडणारे वकील, सीटी स्कॅनची सीडी घेऊन घरी आलेले नातेवाईक, चादरीची जॅकार्ड डिझाइन्स जुन्या पीसीवर सांभाळून ठेवलेले कारखानदार. यांचा कॉम्प्युटर जुना असतो, तो बदलायचा नसतो आणि रायटर मात्र ‘चांगला’ हवा असतो. कुठल्या कंपनीचा घेऊ, हे सगळे विचारतात. आपल्या कॅबिनेटच्या आत काय आहे, ते मात्र कोणी उघडून बघत नाही.

जुना रायटर गेलाच, असं धरून चालणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये) जा. तिथे ड्राइव्हचं नाव दिसतंय, पण विंडोजमध्ये दिसत नाही किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह ‘कोड ३९’ येतोय, तर ड्राइव्ह बहुधा ठणठणीत आहे. राइटिंगचं एखादं सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी मागे राहतात आणि ड्राइव्हची वाट अडवतात. रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या, सीडी ड्राइव्हच्या वर्गातल्या या दोन नोंदी पुसा आणि रीस्टार्ट करा. या वर्गाची ‘की’, म्हणजे रजिस्ट्रीतलं फोल्डर, ४डी३६ई९६५ या आकडे-अक्षरांनी सुरू होते. जवळच ४डी३६ई९६७ ने सुरू होणारी दुसरी ‘की’ दिसेल. ती हार्ड डिस्कची आहे, तिला हात लावायचा नाही.

दुसरा प्रकार विंडोज एक्सपीवाल्यांचा. राइट करायला लावलं की माउससुद्धा अडखळतो, दहा मिनिटांचं काम तासभर चालतं आणि शेवटी डिस्क वाया जाते. दोष रायटरला दिला जातो. खरं कारण असं, की केबलवर डेटा पोचवताना सहा चुका झाल्या की एक्सपी ती जोडणी (‘चॅनल’) वेगवान ‘डीएमए’ पद्धतीवरून रखडत चालणाऱ्या ‘पीआयओ’ पद्धतीवर उतरवते आणि आपण होऊन परत वर नेत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘करंट ट्रान्सफर मोड’ वाचा. तिथे पीआयओ लिहिलेलं असेल, तर ते चॅनल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. विंडोज ते नव्याने ओळखते आणि डीएमए परत येतं. काही दिवसांनी पुन्हा तेच झालं, तर केबल बदला. नव्या रायटरपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

कॅबिनेट न उघडता दुकानात जाणं

रायटरची जोडणी जुन्या आयडीई पद्धतीची की नंतरच्या साटा पद्धतीची, एवढं तरी घरीच बघून निघा. आयडीईची केबल रुंद, चपटी, ४० पिनांची. साटाची बोटभर रुंदीचीही नसते, तिला ७ पिना. वीजजोडणीही वेगळी: आयडीईला चार जाड पिनांचा मोलेक्स, साटाला १५ पिनांचा चपटा कनेक्टर. मदरबोर्डवर साटा असेल पण एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) तो चपटा कनेक्टर नसेल, तर मोलेक्सवरून साटा करणारी छोटी वायर मिळते. ती रायटरबरोबरच घ्या, नाहीतर त्याच संध्याकाळी पुन्हा नवी पेठ गाठावी लागेल.

आयडीई रायटर बसवताना पाठीमागचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) बघितल्याशिवाय केबल खोचू नका. तीन जोड्या पिना असतात: मास्टर, स्लेव्ह आणि केबल सिलेक्ट. एकाच केबलवर हार्ड डिस्कही मास्टर आणि रायटरही मास्टर ठेवला, की दोन्ही गायब झाल्यासारखे वागतात आणि मग ‘नवीन घेतला तोही खराब निघाला’ अशी बोंब होते. केबलची लाल कडा वीजजोडणीच्या बाजूला ठेवायची. सॉकेटमध्ये मधली एक पिन मुद्दामच नसते. केबलच्या टोकाचं तिथलं भोक बुजवलेलं असेल, तर उलटी केबल बसणारच नाही. स्वस्त केबलला ते भोक उघडं असतं आणि ती उलटीही बसते.

साटा रायटर आयडीईला जोडणारे कन्व्हर्टर मिळतात. वाचायला ठीक आहेत. रोज डिस्क राइट करायच्या असतील, तर माझा त्यांच्यावर भरवसा नाही. मदरबोर्डवर जादा कार्डासाठीचा पीसीआय स्लॉट रिकामा असेल तर साटा कार्ड टाका.

‘यूएसबी आहे, कुठेही चालतंय की ओ’

यूएसबीने बाहेरून जोडायच्या रायटरबद्दल दुकानदाराचं हे वाक्य अर्धंच खरं. डीव्हीडीचा १एक्स वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी. यूएसबी १.१ पोर्टवर प्रत्यक्षात १ एमबीच्या आसपासच मिळतात, म्हणजे डीव्हीडीचा सगळ्यात कमी वेगसुद्धा त्याला झेपत नाही. सीडी लिहिता येईल, तीही ४एक्सने. पेंटियम ३ च्या काळातला पीसी असेल तर बाहेरचा रायटर घेण्याआधी यूएसबी २.० चं कार्ड बसवा.

दुसरी भानगड विजेची. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि राइट करताना बारीक रायटर त्याहून जास्त ओढू शकतो. लक्षण ओळखायला सोपं: डिस्क फिरू लागते, टक आवाज येतो, विंडोजचा ‘डिव्हाइस निघालं’ वाला सूर वाजतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. अशा वेळी कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडून मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा आणि दोन पोर्टमधून वीज घेणारी वाय केबल लावा.

सेकंडहँड ड्राइव्हला फक्त गाण्याची सीडी लावून बघणं

नवे आयडीई रायटर आता जवळपास मिळतच नाहीत, त्यामुळे भंगारात निघालेल्या ऑफिसच्या पीसीतला माल घ्यावा लागतो. त्यात वाईट काही नाही, पण तपासणी नीट करा. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० चा. एक थकला तरी दुसरा चालतो, म्हणून सीडी वाजली यावरून डीव्हीडीचं काहीच कळत नाही. वाचणं आणि लिहिणं यांतही फरक आहे. लिहायला लेझरला कितीतरी जास्त ताकद लागते, आणि म्हाताऱ्या ड्राइव्हची आधी तीच जाते.

म्हणून घरून एक भरलेली डीव्हीडी आणि एक कोरी डीव्हीडी घेऊन जा. दुकानातच कोरी डिस्क काठापर्यंत भरा आणि ‘व्हेरिफाय’ (लिहिलेलं परत वाचून तपासणं) लावा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. शंभर-दोनशे एमबी लिहून बघण्यात अर्थ नाही. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि थकलेला ड्राइव्ह बहुतेक वेळा बाहेरच्या काठावर दम टाकतो. लिहून झाल्यावर डिस्क उजेडात तिरकी धरा. लिहिलेला भाग वेगळ्या छटेत दिसतो. ती छटा एकसारखी हवी, मध्येच कडी दिसली तर ड्राइव्ह परत द्या.

पुढच्या पट्टीवर ‘कॉम्बो’ लिहिलेलं असेल तर तो ड्राइव्ह डीव्हीडी वाचतो, लिहितो फक्त सीडी. या एका शब्दाकडे दुर्लक्ष करून परत आलेली गिऱ्हाइकं भरपूर. ट्रे चारपाच वेळा उघडझाप करा. अडकत असेल तर आतला रबरी बेल्ट सैल झालाय. तो बदलता येतो, पण मग किंमत तशी पाडून घ्या.

कोऱ्या डिस्कला निर्दोष समजणं

मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, पण तिचा जुना साठा अजून कुठे कुठे हाती लागतो. कोऱ्या डिस्कमधला रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात ठेवलेल्या मालाचं काय होत असेल ते सांगायला नको. दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्क फसल्याशिवाय रायटरला नावं ठेवू नका. १६एक्सची डीव्हीडी ८एक्सने लिहा. अगदी तळाच्या वेगाने लिहिली की हमखास चांगली निघते, हाही गैरसमजच आहे. राइटिंगचं काम उन्हाळ्यात सकाळी उरकलेलं बरं, कारण ड्राइव्हची स्वतःची सहनशक्ती साधारण ४५ अंशांच्या आसपासच संपते आणि बंद कॅबिनेटच्या आत खोलीपेक्षा जास्तच तापतं.

एक्सपीला स्वतःहून फक्त सीडी लिहिता येते, डीव्हीडी नाही. तिथे इमेजबर्न या राइटिंगच्या सॉफ्टवेअरची २०१३ ची २.५.८.० ही आवृत्ती पुरते. इन्स्टॉल करताना सोबत येणाऱ्या नको त्या गोष्टींच्या खुणा तेवढ्या काढा.

लॅपटॉपवाल्यांनी आधी जाडी मोजावी: १२.७ मिलिमीटर की ९.५. जाड ड्राइव्ह पातळ खाचेत जाणार नाही आणि पातळ ड्राइव्ह जाड खाचेत खुळखुळेल. जुन्या ड्राइव्हची पुढची प्लास्टिकची पट्टी आणि मागची स्क्रूची छोटी पत्री फेकू नका. पत्री नव्या ड्राइव्हला लावावीच लागते, आणि पट्टीचा आकार जुळला तर तीही बसते.