पुवाची प्लेट दोन दिवसांत टाकू नका

सोलापुरात मायक्रोबायोलॉजीच्या कामाला लागले तेव्हा माझा हिशेब सोपा होता. पुवाची प्लेट (जंतू वाढवायला पू पसरलेली) दोन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, काही उगवलं नाही की ‘नो ग्रोथ’ लिहून वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दीड महिन्याने एका बाईंची बेंबीजवळची जखम वाहू लागली. त्यांचा पू मी असाच दोनदा वाटेला लावला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, “राहू दे गं आठवडाभर. जागा खातेय का?”

चौथ्या दिवशी ब्लड आगरवर (रक्त घातलेल्या प्लेटवर) टाचणीच्या टोकाएवढ्या कोरड्या कॉलन्या, म्हणजे जंतूंचे ठिपके. ग्रॅम रंगात सूक्ष्मदर्शकाखाली फिकट, दाणेदार काड्या. कातडीवरचे निरुपद्रवी डिफ्थेरॉइड जंतू म्हणून मी सोडूनच देणार होते. झेड-एन (टीबीचे जंतू लाल दाखवणारा रंग) केलं तर लालभडक!

मग सर्जनना टीबी कळवायचा? नाही. टीबीचा जंतू चार दिवसांत असा उगवत नाही. सब-कल्चरवर (नव्या प्लेटवर पुन्हा लावल्यावर) सात दिवसांच्या आत दिसतात ते रॅपिड ग्रोअर, टीबीच्या जंतूचे लवकर वाढणारे भाऊबंद. (‘रॅपिड’ टीबीच्या मानाने, ई. कोलायपुढे गोगलगायच.) तरी टीबी नाही हे ठरेपर्यंत काम सेफ्टी कॅबिनेटमध्येच. एमपीटी-६४ कार्ड (टीबीच्या जंतूचं प्रथिन ओळखणारी चाचणी) निगेटिव्ह आलं. उलटी फसगतही होते: यातले काही रॅपिड ग्रोअर झेड-एनच्या २० टक्के सल्फ्युरिक आम्लात रंग सोडून देतात, तिथे १ टक्क्याचं आम्ल वापरून पाहावं.

पुढे रॅपिड ग्रोअरमधली जात ओळखायला नायट्रेट चाचणी. फॉर्च्युइटम ही जात पॉझिटिव्ह देते, आमचा निगेटिव्ह. उरले किलोनी आणि अब्सेसस. ५ टक्के मिठावर वाढला, म्हणजे अब्सेसस. या चाचण्या दरवेळी इतक्या सरळ बोलत नाहीत. शंका असली तर लाइन प्रोब किंवा सिक्वेन्सिंग या जनुकीय चाचण्यांना पाठवा. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना अब्सेसस दाद देत नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची प्लेट तिसऱ्या दिवशी ‘सेन्सिटिव्ह’ दिसली तरी १४ दिवस थांबावं लागतं. त्याचं ईआरएम-४१ जनुक औषध समोर आल्यावर हळूहळू जागं होतं.

आपल्याकडची एक अडचण पुस्तकात नाही. किलोनीला ३० अंश मानवतात. पुस्तक म्हणतं, एक प्लेट कमी तापमानाला ठेवा. मे महिन्यात सोलापुरात टेबलावर ठेवलेली प्लेट चाळिशीत भाजते. गारही करू शकणारा बीओडी इन्क्युबेटर मागून घ्या, भांडून का होईना.

आणि ही रॅपिड ग्रोअरची जात पाण्यातली. इथे नळाला काही दिवसांआड पाणी, टाक्या भरलेल्या. दुर्बिणीची हत्यारं शेवटी कुठल्या पाण्यात धुतली, हे ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) सिस्टरांना फोन करून विचारायची सवय मला तेव्हापासून लागली. मागणीच्या कागदावर नुसतं ‘पू, कल्चर’ एवढंच असतं.