वळवाच्या आधी ताण बघा

वादळानं पोल पाडला असं आपण म्हणतो. पण बहुतेक वेळा तो पोल आधीच पडायला टेकलेला असतो, वारा नुसता निमित्त होतो. लाइनमन म्हणून औसा-निलंग्याच्या काळ्या रानांत हयात गेली, म्हणून हे ठासून सांगतोय. पाडवा झाला की आपल्या शिवारातली लाइन एकदा पायी फिरून बघा. चढायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. खालून बघायचं आणि वीज कंपनीला सांगायचं.

पहिल्यांदा ताण. लाइन जिथं वळते किंवा संपते, तिथल्या पोलपासून एक तिरकी पीळदार तार जमिनीत गेलेली असते. तारा पोलला एकाच बाजूला ओढतात, ती ओढ हा ताण तोलून धरतो. तो ढिला पडला की पोल हळूहळू कलतो आणि वादळात गेला की शेजारच्या दोन-तीन पोलांना घेऊनच जातो. ताणाच्या मध्ये चिनीमातीचं अंड्यासारखं इन्सुलेटर असतं, ते जागेवर आहे का बघा. ते नसेल किंवा फुटलं असेल तर वरचा करंट खाली येऊ शकतो. आणि आपले लोक त्याच ताणाला म्हैस बांधतात, वर धुणंही वाळत घालतात! ताणावर चढलेली वेलसुद्धा स्वतः ओढू नका, लाइनमनला सांगा.

मग पोलचं बूड. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, दोन्हीत पोलची पकड सुटते. 8 मीटरचा पोल दीड मीटर जमिनीत हवा. बांध कोरताना, चारी काढताना जेसीबीवाला बुडाची माती उचलतो, तिथं त्याला अडवा. कललेल्या पोलला सरळ करून मुरूम-दगड ठोकून भरणं आणि बुडाला काँक्रीट करणं, हे मागून घ्या.

तारांचा झोळ भर दुपारी बघा. उन्हानं ॲल्युमिनियम लांबतं, सकाळी ठीक दिसणारी तार दुपारी खाली आलेली असते. मोकळ्या रानात उघडी तार जमिनीपासून किमान 4.6 मीटर वर हवी, रस्ता ओलांडताना लघुदाबाची, म्हणजे घरा-पंपाला वीज देणारी तार 5.8 मीटर. ऊस भरलेली ट्रॉली तिथून जाणार असेल तर हा हिशेब आधीच करा. झोळ पडलेल्या दोन तारा वाऱ्यात एकमेकींवर आदळल्या की ठिणग्या खाली वाळलेल्या पाचटात पडतात, मग फड पेटायला वेळ लागत नाही. अशा ठिकाणी तार ओढून घ्यायला सांगा आणि मधे स्पेसर, म्हणजे तारा एकमेकींपासून लांब धरणारी पट्टी, लावायला लावा. दोन पोलांतलं अंतर फारच असेल तर मधला पोल मागा. झाडी दाट असेल तर उघड्या तारांऐवजी एबी केबल, म्हणजे आवरण असलेल्या तारांचा एकत्र पिळलेला जुडगा, बरी.

फांद्या तोडायच्याच, पण लाइन बंद करून, परमिट घेतलेल्या माणसाकडूनच.

पहिल्या सरीला लाइट का जाते, असं सगळेच चिडून विचारतात. दिवसभर तापलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर गार थेंब पडले की त्याला तडा जातो, तड्यातून करंट पोलात उतरतो आणि उपकेंद्रातला ब्रेकर लाइन बंद करतो. धुळीनं माखलेलं किंवा टवका उडालेलं इन्सुलेटर दिसलं तर त्या पोलची खूण सांगा. पॉलिमरचं असं तडकत नाही.

डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, फ्यूजमध्ये जाडी तार घालायची आपल्याकडं खोडच आहे. पंप चालतो खरा, पण वादळात तार तुटून ओल्या रानात पडली तरी फ्यूज उडत नाही, अन् ती तार जिवंतच राहते. फ्यूज ठरल्या मापाचीच हवी.

तक्रार तोंडी करू नका. पोलवरचा नंबर, गट नंबर आणि लांबून काढलेला फोटो जोडून वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. नंबर पुसला असेल तर जवळची विहीर किंवा डीपी लिहा. आणि तार पडलेली दिसली तर लाइट गेलेली असली तरी लांबच थांबा, गुरं-पोरं मागं घ्या आणि 1912 ला फोन लावा.