घरी पीए स्पीकर बांधताय? आधी हॉर्नचं तोंड मोजा

गेल्या गणपतीत आमच्या गिरगावातल्या चाळीच्या अंगणात मी स्वतः बांधलेले दोन पीए स्पीकर, म्हणजे माइकचा आवाज गर्दीपर्यंत पोचवणारे, उभे केले. प्रत्येकात खाली वूफर (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) आणि वर हॉर्न (बारीक आवाज फेकणारा भोंगा). दुसऱ्याच संध्याकाळी आरती चालू असताना डाव्या स्पीकरचा वरचा आवाज गेला. खोलून पाहिलं तर हॉर्नमागच्या ड्रायव्हरच्या डायफ्रॅमला, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याला, चीर. उजवा तरी वाचावा म्हणून त्याचा क्रॉसओव्हर (ज्या वारंवारतेला वूफर थांबून हॉर्न सुरू होतो ती सीमा) वर सरकवला, तर समोरच्या दोन रांगा सोडून कुणाला माइकवरचे शब्द कळेनात. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक आजी म्हणाल्या, "आवाज येतोय रे बाबा, पण बोलतायत काय?" त्या वाक्याने मला आठवडाभर झोप दिली नाही. दोन्ही बिघाडांचं मूळ एकच होतं: मी हॉर्नचं तोंड मोजलं नव्हतं. यंदा पुन्हा बांधतोय. हे लिहितोय ते तुम्ही सामान आणायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायच्या आधी वाचावं म्हणून, परत आल्यावर नव्हे.

पहिलं काम घरीच करा: जागा मोजा. श्रोते किती लांब, किती बाजूला आणि किती उंचावर आहेत हे लिहून ठेवा. आमचं अंगण खोलीला साधारण १६ मीटर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणजे १ मीटरपासून १६ मीटरपर्यंत २४ डेसिबल गेले. वूफरची सेन्सिटिव्हिटी (१ वॅटला १ मीटरवर मिळणारा आवाज) ९६ डेसिबल असेल आणि त्याला १०० वॅट दिले तर त्यात २० मिळवा: ११६. त्यातून २४ वजा, उरले ९२. चाळीच्या भिंती थोडं परत देतात ते वेगळंच. आता कायद्याकडे बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. लाऊडस्पीकर असेल तिथे सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून १० जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी ते. शिवाय रुग्णालय, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र, सरकारने तसं जाहीर केलं असेल तिथे. म्हणजे वॅट आपल्याकडे आधीच गरजेपेक्षा जास्त आहेत. आपल्याला हवंय ते कोपऱ्यातल्या माणसालाही शब्द कळणं. तेव्हा दुकानात कुणी पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या वॅटचे, आकडे सांगू लागला तर पुढच्या दुकानात जा. एईएस किंवा आरएमएस, म्हणजे सतत सोसणारे, वॅट विचारा. प्रोग्रॅम म्हणून छापलेला आकडा त्याच्या दुप्पट असतो, एवढं लक्षात ठेवा.

मग वूफर. आकार ठरवताना लोक फक्त बेसचा विचार करतात, मीही तेच केलं होतं. खरा प्रश्न वरच्या टोकाचा आहे. वूफरचा कोन (पुढेमागे हलणारा शंकूसारखा भाग) जसा वरच्या वारंवारतेला जातो तसा त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा आवळत जातो. १२ इंची वूफर साधारण १३०० हर्ट्झला ९० अंशांत पसरतो, १० इंची १६०० ला, ८ इंची २००० ला. हेच १२ इंची वूफर ३००० पर्यंत ओढलं तर पसारा जेमतेम ३५-४० अंश उरतो, आणि त्याच ठिकाणी वरून हॉर्न ९० अंश फेकत असतो. बाजूला बसलेल्याला मधला पट्टा गायब ऐकू येतो. मराठीतले च, त, क ओळखायला लागतो तो पट्टा याच्या आसपासच असतो. गॅलरीतल्या आजींना नेमकं हेच झालं होतं. म्हणून नियम असा ठेवा: वूफर ज्या वारंवारतेला ९० अंशांवर येतो तिथे किंवा तिच्या जवळ हॉर्नने ताबा घेतला पाहिजे. तीन जिने चढवायचे असतील तर माझ्या मते १० इंची घ्या. १२ इंची बेसला बरा, पण तो हॉर्नकडून जे मागतो ते छोट्या खोक्यात बसत नाही.

आता हॉर्न. इथे थांबा, घाई करू नका, मी केली होती.

हॉर्न कुठपर्यंत खाली आवाजाला दिशा देऊ शकतो ते त्याच्या तोंडाच्या मापावर ठरतं. अमेरिकन ध्वनी-अभियंते डॉन कील यांनी १९७० च्या दशकात हॉर्नवर काम करताना यासाठी एक सोपा अंदाज मांडला होता. तो आपल्या मापांत असा येतो: २५ लाखाला हॉर्नच्या अंशांनी आणि तोंडाच्या सेंटिमीटरमधल्या रुंदीने भागा. ९० अंशांचा, २५ सेंटिमीटर रुंद हॉर्न: ११११ हर्ट्झ. म्हणजे १६०० ला हातात सहज. माझा गेल्या वर्षीचा हॉर्न १५ सेंटिमीटर रुंद आणि ८ उंच: १८५० हर्ट्झ, तेही फक्त आडव्या दिशेला. त्याच्या कागदावर शिफारस होती २५०० ची. मी लावला १२०० ला. का? कारण हॉर्नच्या मागे बसणाऱ्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरच्या डेटाशीटवर "किमान १२०० हर्ट्झ" असं लिहिलं होतं आणि मी तेवढंच वाचलं. तो आकडा ड्रायव्हरचा होता, योग्य मोठ्या हॉर्नवर बसवलेल्या ड्रायव्हरचा. माझ्या हॉर्नचा नव्हता. क्रॉसओव्हर हॉर्न ठरवतो. ड्रायव्हर नाही, दुकानदार नाही, क्रॉसओव्हर हॉर्न ठरवतो.

डायफ्रॅम का फुटला तेही समजून घ्या, नाहीतर पटणार नाही. हॉर्नने हवेचा भार नीट धरलेला असेपर्यंत वारंवारता निम्मी केली की तेवढ्याच आवाजासाठी डायफ्रॅमला दुप्पट हलावं लागतं. हॉर्नने हात सोडला की तीच वाढ चौपटीकडे जाते. पत्र्यासारखा पातळ टायटॅनियम किती दिवस सोसणार? दोन संध्याकाळी. आवाज कर्कश व्हायला पहिल्याच दिवशी लागला होता; मी ट्रेबल कमी करून गप्प बसलो. कर्कशपणा ऐकू आला तर ट्रेबलला हात लावू नका, क्रॉसओव्हर आणि हॉर्न तपासा.

उंचीकडेही बघा, चाळीत ती फार महत्त्वाची. स्टँडवर २ मीटरवर स्पीकर आणि १० मीटर लांब ७ मीटर उंचीवर दुसरी गॅलरी असेल तर ती सुमारे २७ अंश वर येते. बाजारात सर्रास मिळणारा ९० बाय ४० चा (आडवे बाय उभे अंश) हॉर्न सरळ ठेवला तर वर फक्त २० अंश देतो, गॅलरी झोताबाहेर. ९० बाय ६० घ्या, तो ३० देतो, काठावर का होईना गॅलरी सापडते. तोंडाची उंची १८-२० सेंटिमीटर तरी हवी, नाहीतर ते ६० अंश फक्त कागदावरच राहतात. खाली २००० च्या आसपास ते सुटतातच, छोट्या खोक्यात तेवढं चालवून घ्यावं लागतं. म्हणून खिशात टेप ठेवा आणि दुकानातच हॉर्नचं तोंड मोजा. बाहेरची फ्लॅंज, म्हणजे स्क्रूची पट्टी, धरू नका, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा. मी हे मोजलं नाही, फोटोवरून मागवला.

ड्रायव्हर त्यानंतर. ४४ मिलिमीटरच्या कॉइलचा (डायफ्रॅम हलवणारं तारेचं वेटोळं) घ्या. १६०० ला तो आरामात चालतो. २५ मिलिमीटर कॉइलवाले स्वस्त असतात, पण त्यांना २५०० च्या खाली नेऊ नये आणि मग वूफरची अडचण पुन्हा सुरू. घसा, म्हणजे ड्रायव्हरमधून आवाज बाहेर पडायचं भोक, १ इंची ठेवा आणि हॉर्नचा घसाही १ इंचीच आहे ना ते बघा. जोड दोन प्रकारचे: आट्यांचा, म्हणजे १ ३/८ इंच व्यासाला इंचामागे १८ आटे, किंवा बोल्टचा. बोल्टमध्येही दोन बोल्टचा ७६ मिलिमीटरचा आणि तीन बोल्टचा ५७ मिलिमीटरचा वेगळा. दोन्ही वस्तू हातात धरून तिथेच जोडून बघा. अडॅप्टर मिळतात, पण त्यांनी घशात पायरी तयार होते, टाळा. वॅटची काळजी करू नका: हॉर्नवरचा ड्रायव्हर १०७ च्या आसपास आणि वूफर ९६-९७, म्हणजे त्याला वूफरच्या दहाव्या हिश्श्याएवढी ताकद पुरते. आणि विकत घेतानाच विचारा, याचा सुटा डायफ्रॅम मिळतो का. नसेल तर ड्रायव्हर कितीही चांगला असो, ठेवून द्या.

इतकं वाचूनही कुणीतरी आधी ड्रायव्हर घेईल. घेऊ नका. क्रम असा: वूफरचा आकार, त्यावरून वारंवारता, त्यावरून हॉर्नचं तोंड, मग ड्रायव्हर. १० इंची, १६००, २५ सेंटिमीटर, मग ड्रायव्हर. कागदावर लिहून नेलंत तरी चालेल.

वूफरचे एफएस, क्यूटीएस आणि व्हास हे तीन आकडे मागा, थील आणि स्मॉल या अभियंत्यांची ही मापं नसतील तर खोकं किती लिटरचं हे कुणीही सांगू शकत नाही. क्यूटीएस ०.३ ते ०.४ च्या मधला पोर्टवाल्या, म्हणजे हवेचं भोक ठेवलेल्या, खोक्याला सोयीचा. खोकं ज्या वारंवारतेला ट्यून कराल तिच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही, तेव्हा तिच्या खालचे आवाज अडवणारा हाय-पास फिल्टर लावायचाच. लाकूड: मुंबईच्या पावसात एमडीएफ फुगतो, आयएस ७१० चा, म्हणजे पाणी सोसणारा, प्लाय घ्या. १५ मिलिमीटर आणि आतून एक आडवा आधार, १८ चा हट्ट नको, वजन आपणच उचलणार आहोत. फेराइटपेक्षा निओडायमियम चुंबकाचा वूफर हलका, पैसे असतील तर. हॉर्न वूफरच्या अगदी लगत वर बसवा. १६०० ला ध्वनीची लांबी २१ सेंटिमीटर आहे, दोघांच्या केंद्रांमधलं अंतर तिच्या आसपास ठेवायला बघा. खोकं आडवं झोपवू नका.

क्रॉसओव्हर डीएसपी ॲम्प्लिफायरमधून (ज्यात फिल्टर आतच असतात), दर सप्तकाला २४ डेसिबल कापणारा लिंकविट्झ-रायली फिल्टर, १६०० ला. जोडणी झाल्यावर ड्रायव्हरची तार (प्लस-मायनस) उलटी करून बघा: १६०० ला आवाजात खोल खड्डा पडला तर वूफर आणि हॉर्नची वेळ जुळली आहे, मग तार सरळ करा. ॲम्प्लिफायर सुरू होतानाचा धक्का ड्रायव्हरला लागू नये म्हणून त्याच्या तारेत एक फिल्म कपॅसिटर मालिकेत जोडा. ८ ओहमला २५ मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे ८०० हर्ट्झचा अडसर, क्रॉसओव्हरच्या बऱ्यापैकी खाली. हा विसरू नका, सेटिंग चुकून पुसलं गेलं तर हाच वाचवतो.

बाकी स्पीकॉन (स्पीकरचा लॉक होणारा प्लग), ३५ मिलिमीटरचा पोल सॉकेट, जाळी, हँडल, अर्थिंग. पावसाला ताडपत्री, पण पोर्ट झाकू नका. पोलीस ठाण्याची परवानगी मंडळाच्या माणसांवर सोडा. चाचणी आदल्या दिवशी करा, तीही गाण्यावर नको: कुणाला तरी माइकवर पाहुण्यांची नावं वाचायला लावा आणि स्वतः दुसऱ्या गॅलरीच्या टोकाला, मग अंगणाच्या बाजूच्या जिन्यापाशी उभे राहा. नाव कळलं नाही तर तिथून हात करा, क्रॉसओव्हर पुन्हा बघा. सुटा डायफ्रॅम आणि टेप एकाच पिशवीत.